कोरड्यास काय हाये?

जालन्यात अंबड चौफुलीपासून मंठा चौफुलीपर्यंत हॉटेलांच्या पाट्या वाचत गेलं तर पंजाब सापडतो, चीन सापडतो, उडुपी सापडतं, राजस्थानही सापडतो. जालना तेवढं सापडत नाही. मला याचं नवल वाटलं नाही. हिशेबतपासणीच्या धंद्यामुळं मी वर्षातला बराच काळ परगावी असते आणि जिल्ह्याच्या गावांची ही रीत मला ठाऊक आहे: पाहुण्याला पनीर. 'इथलं काय खायला मिळेल हो?' असं विचारलं की माणूस क्षणभर गोंधळतो आणि मग गावातल्या सगळ्यांत गार एसी हॉटेलचं नाव सांगतो. त्याचाही दोष नाही. घरात रोज जे शिजतं ते पाहुण्यानं पैसे मोजून का खावं, हे त्याला खरोखरच उमगत नसतं.

मी मूळची रत्नागिरीची. भात, आमटी, मासे. ज्वारीची ओळख म्हणजे शाळेत घाटावरून बदली होऊन आलेल्या बाईंच्या डब्यातली भाकरी, तेवढीच. म्हणूनच असेल, देशावर कुठंही कामाला गेले की तिथं पनीर आणि इडली दोन्ही टाळायची, असा माझा हट्ट असतो. एकट्या बाईला तो पुरवून घेणं सोपं नसतं. जालन्यातल्या ज्या लॉजवर उतरले, तिथल्या खालच्या हॉटेलात शिरताच वेटरनं 'फॅमिली'कडं बोट दाखवलं. फॅमिली म्हणजे प्लायवूडचा कप्पा, त्याला तेलकट पडदा. त्या कप्प्यात मी एकटीच माझी फॅमिली होऊन बसले आणि मेनूकार्ड चाळलं. पनीरचे प्रकार दोन पानं, मंचुरियनचं एक पान, 'साउथ इंडियन'चं एक पान. भाकरीचा उल्लेख शेवटच्या पानावर, रोट्यांच्या यादीच्या तळाशी, पुढं कंसात 'ऑर्डरप्रमाणे'. ऑर्डर दिली. 'आज नाही मॅडम, भाकरीवाली बाई येत नाही संध्याकाळची.'

त्या 'साउथ इंडियन' पानावर मी मनातल्या मनात चिडले होते. पण खरं पाहिलं तर दाक्षिणात्य अन्नाचा जालन्यावरचा हक्क बराच जुना आहे. याच जिल्ह्याच्या उत्तरेला असई नावाचं लहानसं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ला तिथं वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढं वेलिंग्टन झाला. त्याच्या सैन्यात मोठा भरणा मद्रासकडच्या शिपायांचा होता, आणि त्या सैन्याला धान्य पुरवत होते बैलांच्या पाठीवर गोण्या लादून फिरणारे बंजारे. पुढं एकोणिसाव्या शतकात जालन्याला मोठी छावणी बसली आणि तिच्यातही मद्रासी पलटणी येऊन-जाऊन असत. भात शिजवणारे, चिंच घोटणारे हजारो लोक या ज्वारीच्या मुलखात राहून गेले. तेव्हा डोशाला उपरा म्हणण्यात अर्थ नाही. तरी तो मी खाल्ला नाही.

खऱ्या जेवणाचा पहिला माग लागला तो कारखान्याच्या कार्यालयात, दुपारी दीड वाजता, डबे उघडायच्या वेळेला. जालना हे सळ्यांचं गाव. भंगार वितळवायचं, त्याच्या कांड्या ओतायच्या, त्या तापवून रोलिंग मिलमधून लांब सळ्या काढायच्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये जालन्याचं लोखंड आहे. मी तपासत होते ती वहीखाती अशाच एका मिलची. मालकांनी माझ्यासाठी हॉटेलातून थाळी मागवली होती. तिच्यात एक भाजी लाल, एक पिवळी, चव दोन्हींची एकच. शेजारच्या टेबलावर लेखा विभागातल्या बाईंच्या डब्यात मात्र काळपट हिरवी पालेभाजी होती आणि चौघडी घातलेली भाकर.

'कसली भाजी हो?'

'करडईची हाये मॅडम. तुम्हाला नाही आवडायची.'

आवडली. करडई दाट उगवली की विरळणी करावी लागते, आणि उपटलेली कोवळी रोपं फेकून न देता घरी येतात, त्यांची ही भाजी. लसणाची फोडणी, मूठभर भिजलेली मुगाची डाळ, बस्स. किंचित तुरट लागते आणि भाकरीबरोबर त्या तुरटपणाचं काहीतरी भलतंच चांगलं होतं. पाऊस लांबला, पेरणी उशिरा झाली, म्हणून डिसेंबरात ती मिळाली. एरवी तोवर पानांना काटे धरतात आणि भाजीचा हंगाम संपतो. असली भाजी हॉटेल कसं ठेवणार? हॉटेलला बारा महिने एकसारखा माल लागतो. ही वर्षाकाठी तीनेक आठवडे असते, आणि तीही ज्याच्या शेतात करडई आहे त्याच्याच घरी.

बाईंनी माझी थाळी बघितली, तोंड किंचित वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या नावाचा एक जास्तीचा डबा येऊ लागला. त्यातून मला मराठवाड्याची ओळख हप्त्याहप्त्यानं झाली. एकदा सुशीला. ही कुणी बाई नव्हे. मुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे, कांदा-मिरची-हळदीची फोडणी, वरून डाळव्याची पूड आणि शेंगदाणे. पोह्यांसारखे दिसतात पण पोह्यांपेक्षा हलके. एकदा जवसाची चटणी, एकदा कारळाची, एकदा भुरका: तेलात लसूण, तीळ आणि लाल तिखट खमंग परतलेलं, जे भाकरीवर नुसतं पसरलं तरी जेवण होतं. आणि एकदा येसर. गहू, ज्वारी, डाळी आणि मसाला भाजून एकत्र दळतात, ते येसर. त्याची आमटी इतकी काळी आणि दाट, की आमच्याकडं कुणी तिला आमटी म्हणणार नाही. लग्नघरात ती मोठ्या पातेल्यात उकळते, बाई सांगत होत्या, आणि मांडवातल्या अर्ध्या गर्दीचं लक्ष नवरीपेक्षा तिच्याकडंच असतं.

'हे बाहेर कुठं मिळतं?'

'बाहेर कोण खातं हे?' मग जरा विचार करून म्हणाल्या, 'मोंढ्यात जा. हमाल लोकं जेवतात तिथं. पण तुम्ही जाल का?'

जालन्याचा मोंढा पाहण्यासारखा आहे. मका, सोयाबीन, तूर, कापूस, हंगामात मोसंबीचे ढीग. ट्रॅक्टर उलटे लागतात, मापाडी वजनाचे आकडे गाण्याच्या चालीत ओरडतो, आडत्याच्या गादीवर मुनीम चहा पीत उभ्या-आडव्या बेरजा मारतो. ते दृश्य माझ्या धंद्याचं असल्यानं मी तिथं जरा रेंगाळले. 'जालना, सोने का पालना' ही म्हण गावात सगळ्यांना पाठ आहे. मोंढ्यात उभं राहिलं की ती कुठल्या सोन्याबद्दल आहे ते कळतं.

आडत दुकानांच्या मागच्या अंगाला पत्र्याचं एक छप्पर होतं. पाटी नाही, मेनूकार्ड नाही, फॅमिली तर नाहीच. लाकडाच्या चुलीसमोर परात घेऊन एक मावशी बसलेल्या, मागं पाण्याचा रांजण, बाजूला दोन बाकडी. मी आत गेल्यावर बाकड्यावरच्या माणसांनी आपोआप सरकून एका टोकाला जागा केली आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही. हे मला पडद्यापेक्षा फार बरं वाटलं.

माझ्या मागून आलेल्या हमालानं विचारलं, 'मावशी, कोरड्यास काय हाये?'

'बेसन हाये, वांगं हाये, दाळ हाये.'

सगळा मेनू एवढाच. भाकर धरलेलीच असते, विचारायचं ते फक्त तिच्याबरोबर काय ते. बेसन म्हणजे आपलं पिठलं, पण घट्ट आणि लसणानं भरलेलं. मी बेसन आणि वांगं दोन्ही मागितलं आणि भाकर होईपर्यंत मावशींचे हात बघत राहिले.

त्यांनी पिठात उकळतं पाणी ओतलं, उलथन्यानं हलवलं, आणि हाताला सोसेल इतकं निवल्याबरोबर तळहाताच्या मुळानं ते रगडायला घेतलं. हे रगडणं महत्त्वाचं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो पाण्यानं आणि हातानं आणावा लागतो. गोळा झाला, परातीत कोरडं पीठ भुरभुरलं, आणि थापायला सुरुवात. उजवा हात थापतो, डावा कडेनं नुसता आधार देतो, आणि थोड्या वेळानं भाकर आपली आपण फिरू लागते. मग ती दोन्ही हातांवर उचलून तव्यावर, पिठाची बाजू वर, आणि त्यावर ओला हात सपासप फिरला. पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची, नाहीतर चिरा पडतात. दुसरी बाजू झाली की तवा खाली, भाकर चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकून उभी. दोन पापुद्रे सुटून ती फुगली, मावशींनी दोन बोटांनी उचलली, झटकली आणि माझ्या ताटात टाकली. एवढ्या वेळात त्या हिशेबाबद्दल कुणाशी तरी भांडत होत्या आणि एकदाही परातीकडं बघितलेलं नव्हतं.

ठेचा तव्यावरच झाला होता. मिरच्या आणि लसूण तेलावर भाजून, दाणे आणि मीठ टाकून पेल्याच्या बुडानं रगडलेला. कांदा बुक्कीनं फोडलेला. वांग्याच्या रश्शावर काळ्या मसाल्याचा तवंग. मी कितीतरी महागडी जेवणं जेवले आहे, कामाच्या खात्यावर जेवले आहे. या जेवणाशी त्यांची तुलना करायची माझी तयारी नाही.

'ज्वारी कुठली, मावशी?'

'भावाची. शाळूची हाये. मोंढ्यातली नाही घेत मी.'

मोंढ्यात बसून मोंढ्यातली ज्वारी न घेणारी बाई! कारण विचारलं तर म्हणाल्या, पहिल्यासारखी येते कुठं आता, आली तर भाव ऐका. खरं आहे. गरिबाचं धान्य म्हणून जिची ओळख, ती ज्वारी आता कित्येकदा गव्हाच्या वर विकते. रान कापसानं आणि सोयाबीननं घेतलं. ज्वारीला काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला घरात पोरं नाहीत, आणि कडब्यासाठी ती पेरावी तर दावणीला पहिल्याइतकी जनावरं नाहीत. दरम्यान शहरात ज्वारीचा रुबाब वाढला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, मुंबईच्या हॉटेलांत ज्वारीचे पिझ्झे आले, सोलापूरकडच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मावशींना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी मला त्यांच्या सासूची गोष्ट सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं वाटलेल्या लाल मिलोची भाकर. अमेरिकेहून आलेली ती ज्वारी. 'जनावराला घालायची म्हणं तिकडं. सासू म्हणायची, ती खाल्ली म्हणून आज तुमचे हे दिसून राहिले.'

ज्वारीच्या या गोष्टीत जालन्याचा हात मोठा आहे. भारतातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली १९६४ साली. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्याची कंपनी काढली. सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून, मग संकरित ज्वारी, बाजरी, कापूस. त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कृषी क्षेत्रातलं नोबेल म्हणतात त्याला. त्यांच्या मागोमाग गावात बियाण्यांच्या कंपन्या वाढत गेल्या, आणि आज देशभरातल्या शेतात उगवणाऱ्या कितीतरी पिकांचा जन्म या कोरड्या गावात झालेला असतो. संकरित ज्वारीनं पोती भरली, यात शंका नाही. पण तिच्या भाकरीला चव नाही, हे वाक्य मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईच्या तोंडून आजही ऐकू येतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पोट भरायचं होतं तेव्हा चवीची चैन परवडणारी नव्हती.

आणखी एक मजा. माझ्या ताटातलं वांगं देशी होतं, पण याच गावच्या प्रयोगशाळेशी नातं असलेलं एक बीटी वांगंही आहे. त्याच्या लागवडीला केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१०मध्ये स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशानं मात्र महिकोच्याच तंत्रावर तयार झालेल्या वाणांना परवानगी दिली आणि २०१४पासून तिथले शेतकरी ते पिकवत आहेत. म्हणजे जालन्याचं वांगं ढाक्याच्या बाजारात मिळतं, जालन्याच्या मोंढ्यात नाही. बरं की वाईट, यावर भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक मला माहीत आहेत, त्यात मी पडत नाही. पण 'अस्सल स्थानिक' असं काही शोधत या गावात फिरायचं तर हे डोक्यात ठेवावं लागतं. इथली भेंडीसुद्धा एका कंपनीचा आरंभ आहे.

कारखान्यातून मला लॉजवर सोडणारा ड्रायव्हर जुन्या जालन्यातला. कुंडलिका नदीच्या अलीकडं-पलीकडं जुना जालना आणि नवा जालना अशी गावाची वाटणी आहे. मी खाण्याबद्दल सगळ्यांना विचारत फिरते हे त्याच्या कानावर गेलं होतं. 'मॅडम, आप खलिया खाते क्या?' खाते म्हटल्यावर मी हॉटेलचं नाव विचारलं, तर त्यानं आरशातून माझ्याकडं दयेनं पाहिलं. 'होटल का क्या खाते मॅडम. शादी का खाना.' नान-खलिया हा मूळचा इथून साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. तुघलकाच्या लष्करासाठी तो दौलताबादेत शिजला अशी आख्यायिका आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तिकडं कुणी तो वाढत नाही. पण आज मराठवाड्यातल्या मुसलमान लग्नांची ती ओळख आहे. ड्रायव्हरच्या मामाच्या गल्लीत त्याच आठवड्यात लग्न होतं. दुसऱ्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर माझ्या शेजारी एक उभा डबा ठेवलेला, झाकणावर फडकं बांधलेलं. खाली खोबरं-खसखशीचा दाट रस्सा, वर लाल तर्री, मटण बोटानं सुटेल असं. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले मोठे, मऊ, किंचित गोडसर नान. लॉजच्या खोलीत पलंगावर टॉवेल पसरून मी ते जेवले. वास दोन दिवस खोलीत होता. शुद्ध शाकाहारी लॉज होतं ते.

मिलच्या फाटकाबाहेरही एक जेवण चालतं, त्याबद्दल न लिहिणं बरं नाही. भट्टीवर काम करणारे बहुतेक कामगार बिहार-उत्तर प्रदेशातले. संध्याकाळी पाळी सुटली की टपऱ्यांवर मोहरीच्या तेलाचा वास सुटतो, लिट्टी भाजली जाते, वांगं आणि बटाटा एकत्र कुस्करून चोखा होतो. ते वांगंही मोंढ्यातलंच, म्हणजे तेच मावशींच्या रश्शातलं. जालन्याची सळई हे लोक ओढतात, त्यामुळं त्यांचा चोखा इथला नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रविवारी लेखा विभागातल्या बाईंनी हुरड्याला नेलं. त्यांच्या भावाचं शेत बदनापूरच्या अंगाला. आता समृद्धी महामार्ग झाल्यापासून त्या बाजूला 'हुरडा पार्टी'चे फलक लागतात: माणशी अमुक रुपये, बैलगाडी, झोपाळा, मडक्यातलं दही, फोटोला गोफण. गोफण मारायला दगड देत नाहीत, एवढं त्यांना कळतं हे नशीब. बाईंच्या भावाच्या शेतात झोपाळा नव्हता. कापसाच्या पऱ्हाट्या, हरभरा, आणि बांधाकडेला गुळभेंडी ज्वारीच्या थोड्याच ओळी, खास हुरड्यासाठी ठेवलेल्या.

'एवढ्याच?'

'एवढी पाखरांना पुरते न् पाव्हण्यांना पुरते,' काका, म्हणजे बाईंचे भाऊ, म्हणाले.

हुरड्याचं सगळं गणित दाण्याच्या वयावर असतं. दुधाळ असला तर नुसता चिकटतो, पक्व झाला तर चावत नाही. काका कणसाचा एक दाणा नखानं फोडून बघत, मगच ते कणीस कापत. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर राख: ही आगटी. जाळ नको, फक्त धग. कणसं त्या राखेत खुपसून ठेवायची, वास सुटला की काढायची आणि गरम असतानाच तळहातांमध्ये चोळायची. गुळभेंडीचं बोंड पटकन सुटतं म्हणून ती हुरड्याला पसंत. मला कणीस चोळायला दिलं तेव्हा दोन्ही हात भाजले आणि अर्धे दाणे मातीत गेले. काकांचे हात मात्र जात्यासारखे फिरत होते. हिरवे, वाफाळते दाणे पत्रावळीवर पडले की लगेच खायचे, तिळाच्या नाहीतर दाण्याच्या चटणीबरोबर, गुळाच्या खड्याबरोबर, मध्ये दह्याची कवडी. थंड झालेला हुरडा कुणी खात नाही आणि गरम हुरडा पार्सल होत नाही. त्यासाठी शेतावरच जावं लागतं.

शेताच्या वरच्या अंगाला मोसंबीची बाग होती. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला त्या बागेतली मोकळी जागा आधी दिसली. मधल्या कितीतरी ओळींत झाडंच नव्हती. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि पैसा संपल्यावर कुऱ्हाड लावली. काकांनी निम्मी बाग तोडली आणि निम्म्या बागेला पाणी दिलं. कुठली निम्मी ठेवायची ते कसं ठरवलं, असं मी विचारलं. 'विहिरीच्या जवळची.' यात भावनेला जागा नव्हती. मोसंबी त्यांनी सालासकट आडवी कापून दिली, आणि वर मीठ टाकू दिलं नाही.

त्याच वाटेवर जांब समर्थला जाऊ, रामदासांचं जन्मगाव, राजूरचा गणपती करू, असे बेत निघाले. घनसावंगीकडचं जांब एका दिशेला आणि भोकरदनकडचं राजूर बरोबर दुसऱ्या दिशेला. दोन्ही राहिले. संध्याकाळी बाईंच्या घरी वरण-बट्टी होती आणि मला त्यातच अधिक पुण्य दिसलं.

परतीला दुपारची तपोवन एक्स्प्रेस धरली. माझ्या समोरच्या बाकावर परतूरला चढलेल्या एक आजी होत्या, मुलाकडं कल्याणला निघालेल्या. बाकाखाली पोतं, पायाशी पिशवी, मांडीवर आणखी एक पिशवी. गाडीनं बदनापूर सोडलं तशी त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली: धपाटे, दही, लसणाची चटणी. धपाट्यांचा नियम सरळ आहे, ज्वारीचं पीठ जास्त, गव्हाचं आणि हरभऱ्याचं थोडं, तीळ, हिरवी मिरची, आणि प्रवासाला निघताना करायचे. 'घे माय,' म्हणून एक माझ्या हातावर ठेवला. मी जालन्यात काय काय खाल्लं ते सांगितलं. करडईच्या भाजीला मान हलवली, हुरड्याला मान हलवली. मोंढ्यातल्या जेवणावर त्यांचं मत पडलं नाही. बाईमाणसानं तिथं कशाला जावं, असं बहुधा मनात आलं असावं. खलियाचं मी बोलले नाही.

पोत्यात काय आहे विचारलं तर त्यांनी यादी सांगितली: ज्वारी, येसर, तुरीची डाळ, वाळवलेली मिरची, कारळ, आणि सुनेला आवडत नाही तरी भुरका. दर दोन-तीन महिन्यांनी हे असं पोतं कल्याणला जातं. पुण्याला चाकणमध्ये दुसरा मुलगा आहे, त्याचं पोतं बसनं जातं.

'ज्वारीच नेता? पीठ नाही?'

'पीठ कशाला नेऊ? विरी जाते त्याची. तिथं गिरणी हाये, थोडं थोडं दळायचं.' मग माझ्याकडं जरा संशयानं बघून म्हणाल्या, 'तुम्ही दळता का आणता इकतचं?'

विकतचं आणते म्हटल्यावर त्यांनी पोत्याची गाठ सोडली, पदराच्या टोकात दोन ओंजळी शाळू मोजून माझ्या रिकाम्या डब्यात ओतला, आणि मनमाड येईपर्यंत मला गिरणीवाल्याकडून आधी कुणाचं काय दळलंय हे कसं बघून घ्यायचं, ते समजावत राहिल्या.